घासाचा माग काढणारा : फ्रांस्वा माजांदी

आपल्या मराठी भाषेत गिळण्याला मोठे मानाचे स्थान आहे. आपण अपमान गिळतो, राग गिळतो, रडू आले की आवंढा गिळतो. एखादी गोष्ट पटली नाही तर ती आपल्या घशाखाली उतरत नाही. भाषेने या क्रियेला मनाचे इतके अर्थ चिकटवले आहेत की, गिळणे हे सर्वस्वी आपल्या मर्जीचे काम आहे असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. घास तोंडात असेपर्यंतच तो आपला असतो. तो चावावा, घोळवावा, खडा लागला तर थुंकून टाकावा. पण जिभेने एकदा का तो मागे घशाकडे ढकलला, की आपले राज्य संपले! तेथून पुढे पोटापर्यंतचा सारा प्रवास मेंदूचा एक लहानसा भाग आपल्याला न विचारता घडवून आणतो.

वाचता वाचताच वाचकांनी एक प्रयोग करून पाहावा. तोंडात काहीही न घेता लागोपाठ चार-पाच वेळा गिळून पाहा. पहिले दोन आवंढे सहज उतरतील. तिसरा-चौथा मात्र जड जाईल, कारण तोंडातली लाळ संपलेली असते. घशाला काहीतरी स्पर्शून गेल्याची वर्दी मेंदूला मिळाली नाही, तर नुसत्या इच्छेने गिळता येणे कठीण होते. आता कंठमण्यावर बोट ठेवून घोटभर पाणी प्या. कंठमणी झटकन वर सरकतो आणि पुन्हा खाली येतो. त्या एका क्षणात श्वास थांबलेला असतो, नाकाकडची वाट मृदू टाळूने बंद केलेली असते, स्वरयंत्र मिटलेले असते आणि अन्ननलिकेचे तोंड उघडलेले असते. हा क्रम जरा चुकला, तर आपल्याला ठसका लागतो आणि घरातले वडीलधारे डोक्यावर थोपटून वर पाहायला सांगतात.

या एका क्षणाचा अभ्यास ज्याने आयुष्याच्या उमेदीत हाती घेतला, त्या फ्रेंच शास्त्रज्ञाचा परिचय करून देण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्याचे नाव अगदीच अपरिचित नाही. मज्जासंस्थेच्या प्रकरणात बेल-माजांदी नियम असे एक जोडनाव येते. आपण ते पाठ करतो आणि पुढे जातो. या जोडनावातला दुसरा माणूस म्हणजे फ्रांस्वा माजांदी.

माजांदीचा जन्म ६ ऑक्टोबर १७८३ रोजी फ्रान्समधील बोर्दो या शहरी झाला. वडील शस्त्रवैद्य होते आणि विचाराने कडवे प्रजासत्ताकवादी. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९१ च्या सुमारास, ते कुटुंबासह पॅरिसला आले आणि वैद्यकीपेक्षा राजकारणात अधिक रमले. पुढच्याच वर्षी फ्रांस्वाची आई वारली. मुलाला निसर्गाच्या स्वाधीन करावे, त्याच्यावर शिक्षण लादू नये, या रूसोच्या मताचा वडिलांवर एवढा पगडा होता की, त्यांनी मुलाला शाळेतच घातले नाही. त्यामुळे दहाव्या वर्षापर्यंत या मुलाला धड लिहिता-वाचता येत नव्हते. अखेर त्याने स्वतःच शाळेत जाण्याचा हट्ट धरला. उशिरा सुरुवात करूनही चौदाव्या वर्षी त्याने मानवी हक्क व राज्यघटना या विषयावरील निबंधस्पर्धेत बक्षीस मिळवले. सोळाव्या वर्षी तो वडिलांचे स्नेही असलेल्या अलेक्सी ब्वाये या नामांकित शस्त्रवैद्याच्या हाताखाली दाखल झाला आणि शवविच्छेदनाचे काम शिकू लागला. १८०३ साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात त्याला उमेदवारी मिळाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्याने अक्षराआधी जग पाहिले, त्याला पुढे जन्मभर छापील अक्षरापेक्षा डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचा भरवसा अधिक वाटला. आमच्यासारखे, घरातून प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेले विद्यार्थी याच्या अगदी उलट असतात. छापून आले म्हणजे ते खरेच असणार, अशी आमची श्रद्धा असते. म्हणूनच माजांदीचे चरित्र वाचताना थोडा धक्का बसतो आणि थोडा हेवाही वाटतो.

१८०८ साली त्याने वैद्यकाची पदवी घेतली. तिच्यासाठी लिहिलेल्या प्रबंधाचा मुख्य विषय होता मृदू टाळूचे कार्य. टाळूचा मागचा, पडजीभ जेथे लोंबते तो मऊ भाग म्हणजे मृदू टाळू. गिळताना तो वर उचलला जातो व नाकाची वाट बंद करतो. त्याचे काम बिघडले, तर प्यालेले पाणी नाकातून बाहेर येते. अशा प्रकारे या शास्त्रज्ञाची कारकीर्दच घशाच्या दारात सुरू झाली.

त्या काळी शरीरशास्त्रात एक विचार प्रबळ होता. सजीवांमध्ये एक गूढ जीवनशक्ती असते आणि शरीरातील क्रिया तिच्यामुळे घडतात, असे मोठमोठे वैद्य मानीत. माजांदीला हे समाधान पटेना. जीवनशक्ती हा शब्द उच्चारला की पुढचा प्रश्न विचारणे थांबते, असे त्याचे म्हणणे होते. कोणता स्नायू हलतो, त्याला आज्ञा देणारा मज्जातंतू कोणता, तो तोडला तर काय होते, हे त्याचे प्रश्न असत. १८०९ साली त्याने देलिय या सहकाऱ्याबरोबर पूर्वेकडील बेटांतून आणलेल्या एका विषारी झाडाच्या रसावर प्रयोग केले आणि ते विष रक्तावाटे जाऊन मज्जारज्जूवर परिणाम करते, असे दाखवले. त्यातील मारक द्रव्याला आज आपण स्ट्रिक्नीन म्हणून ओळखतो.

१८१३ हे वर्ष आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे. त्या वर्षी त्याने गिळण्याच्या क्रियेविषयी एक निबंध सादर केला. स्वरयंत्राच्या तोंडाशी पानाच्या आकाराची एक कूर्चेची झडप असते. घास जाताना ती झाकणासारखी खाली पडते आणि म्हणून अन्न श्वासनलिकेत जात नाही, असे तोपर्यंत सर्व पुस्तके सांगत होती. माजांदीने काही कुत्र्यांची ही झडप काढून टाकली. तरीही ते प्राणी गिळू शकत होते! मग त्याने झडप शाबूत ठेवून स्वरयंत्राच्या स्नायूंकडे जाणारे मज्जातंतू तोडले. आता मात्र गिळणे अतिशय अवघड झाले. निष्कर्ष उघड होता. श्वासाच्या वाटेचे खरे रक्षण करते ते स्वरयंत्राचे स्वतःचे मिटणे, आणि ते मिटणे मज्जातंतूंच्या हुकमतीत असते. झडप अगदीच निरुपयोगी नाही, घास बाजूला वळवण्यास तिची मदत होते, हे पुढील संशोधनाने स्पष्ट केले. परंतु मुख्य भर झाकणावरून मज्जातंतूंकडे वळला, तो येथे.

त्याच वर्षी त्याने गिळण्याच्या उलट क्रियेचा, म्हणजे वांतीचा, अभ्यास केला. जठर स्वतःच आकुंचन पावून अन्न बाहेर फेकते, असा समज होता. माजांदीने एका कुत्र्याचे जठर काढून त्या जागी डुकराचे मूत्राशय बसवले आणि वांतीचे औषध शिरेतून दिले. त्या निर्जीव पिशवीतील द्रवसुद्धा बाहेर फेकला गेला! म्हणजे वांती घडवतात ते प्रामुख्याने पोटाचे स्नायू आणि छाती व पोट यांमधील पडदा. हा प्रयोग वाचताना बुद्धी थक्क होते आणि अंगावर काटाही येतो. या दोन भावना माजांदीच्या चरित्रात शेवटपर्यंत हातात हात घालून चालतात.

१८१६ पासून त्याचे शरीरक्रियाशास्त्रावरील पाठ्यपुस्तक प्रसिद्ध होऊ लागले. त्यात त्याने गिळण्याचे तीन टप्पे सांगितले. पहिला तोंडातला, दुसरा घशातला आणि तिसरा अन्ननलिकेतला. ही विभागणी आजही वैद्यकाच्या पुस्तकांत तशीच आहे. पहिला टप्पा ऐच्छिक, दुसरा अनैच्छिक व अतिशय वेगवान, सुमारे एका सेकंदाचा. तिसरा टप्पा सावकाश. त्यात अन्ननलिकेत आकुंचनाची एक लाट वरून खाली सरकते आणि घास आठ-दहा सेकंदांत जठरात पोहोचवते. अन्ननलिकेचा खालचा भाग आळीपाळीने आकुंचतो व सैल पडतो, आणि व्हेगस हा मज्जातंतू तोडला की ही हालचाल थांबते, हेही माजांदीने नोंदवले.

यानंतर त्याच्या हातून सर्वांत गाजलेला शोध लागला. १८२२ साली त्याने सहा आठवड्यांच्या कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग केले. मज्जारज्जूतून निघणाऱ्या प्रत्येक मज्जातंतूला दोन मुळे असतात, एक पुढचे आणि एक मागचे. मागचे मूळ तोडले तर त्या अवयवाची संवेदना गेली, हालचाल राहिली. पुढचे तोडले तर हालचाल गेली. शरीराकडून वर्दी आत येण्याची वाट निराळी आणि बाहेर हुकूम जाण्याची वाट निराळी, हे सिद्ध झाले. इंग्लंडमधील चार्ल्स बेल यांनी १८११ साली एक छोटी पुस्तिका खाजगीरीत्या छापून स्नेह्यांत वाटली होती. पुढचे मूळ हालचालीशी संबंधित आहे, असे तिच्यात होते. मागच्या मुळाचे संवेदनेचे कार्य मात्र त्यात स्पष्टपणे सांगितलेले नव्हते. श्रेय कोणाचे यावर दोन्ही देशांत वर्षानुवर्षे कडाक्याचा वाद चालला. आपण पाठ करतो त्या जोडनावामागे असे भांडण दडलेले आहे.

हा शोध गिळण्यालाही लागू पडतो. घास घशाला लागला ही वर्दी आत जाते आणि स्नायूंना हुकूम बाहेर येतो. परंतु या दोहोंच्या मध्ये बसून हिशेब कोण करते? याचे उत्तर माजांदीच्या पश्चात मिळाले. १८७६ साली इटालियन शास्त्रज्ञ आंजेलो मोसो याने दाखवले की, अन्ननलिका मध्येच कापली, तरी गिळण्याची लाट कापलेली जागा ओलांडून खालच्या भागात योग्य वेळी सुरू होते. याचा अर्थ लाट नलिकेतून सरकत नाही, तिचे वेळापत्रक वर मेंदूत ठरलेले असते. हे ठिकाण म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या सांध्यावरची लंबमज्जा. तेथील पेशींचे जाळे मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या पाच जोड्यांमार्फत पंचवीसहून अधिक स्नायूजोड्यांना ठरलेल्या क्रमाने कामाला लावते, आणि तेवढ्यापुरता श्वासालाही थांबवते. आईच्या पोटातले मूलसुद्धा गिळते, ते या जाळ्याच्या बळावर.

आता या चरित्राच्या दुसऱ्या बाजूकडे वळले पाहिजे, कारण ती टाळून लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. माजांदीचे हे सारे प्रयोग जिवंत प्राण्यांवर झाले, आणि ईथर देऊन वेदना बंद करण्याची पद्धत १८४६ साली प्रसिद्धीस आली. म्हणजे त्या कुत्र्यांना आणि पिलांना सर्व काही जाणवत होते. १८२४ साली माजांदी लंडनला गेला आणि तेथे त्याने जिवंत कुत्र्याच्या चेहऱ्याचे मज्जातंतू तोडून दाखवले. त्यावरून इंग्लंडमध्ये मोठा गदारोळ झाला. १८२२ साली जनावरांच्या छळाविरुद्ध कायदा संमत करून घेणारे रिचर्ड मार्टिन यांनी १८२५ साली पार्लमेंटात माजांदीवर कडक टीका केली. त्यापुढे अर्धशतकाने, १८७६ साली, इंग्लंडमध्ये प्राण्यांवरील प्रयोगांना बंधने घालणारा कायदा झाला. त्यामागच्या लोकभावनेत माजांदीच्या प्रयोगांच्या आठवणीचाही वाटा होता.

तो क्रूर होता काय? त्याच्या बाकीच्या आयुष्याकडे पाहता एका शब्दात उत्तर देता येत नाही. १८३१ च्या अखेरीस इंग्लंडमधील संडरलँड येथे पटकीची साथ आली, तेव्हा तो तेथे जाऊन रोग पाहून आला. १८३२ साली ती साथ पॅरिसमध्ये पोहोचली, तेव्हा ओतेल-द्यू या रुग्णालयात तो गोरगरीब रोग्यांच्या खाटेशी उभा होता. पटकी संसर्गाने पसरत नाही असे त्याचे मत होते. ते चुकीचे ठरले. १८४७ साली ईथरचा प्रश्न अकादमीपुढे आला, तेव्हा रोग्याला शुद्धीबाहेर नेणे नीतीला धरून नाही, असे म्हणून त्याने विरोध केला. वेदनेपासून माणसाची सुटका करणाऱ्या शोधाकडे वेदनेचा अभ्यासकच पाठ फिरवतो, हे पाहून वाईट वाटते. सगळ्यांवर शंका घेणाऱ्या या माणसाने स्वतःच्या मतांवर तेवढी शंका घेतली नाही, असेच म्हणावे लागते.

मानसन्मान मात्र त्याला भरपूर मिळाले. १८२१ साली तो विज्ञान अकादमीचा सभासद झाला. त्याच वर्षी त्याने प्रायोगिक शरीरक्रियाशास्त्राला वाहिलेले नियतकालिक सुरू केले आणि मॉर्फिन, क्विनीन अशा नव्या शुद्ध द्रव्यांचा वैद्यकात वापर कसा करावा हे सांगणारी पुस्तिका काढली. १८३१ साली कॉलेज द फ्रान्समध्ये तो वैद्यकाचा प्राध्यापक झाला. १८४१ साली तेथे क्लोद बर्नार हा तरुण त्याचा मदतनीस म्हणून आला. आपण विज्ञानाच्या रस्त्यावरून पाठीला टोपली बांधून हिंडणारे चिंध्या वेचणारे आहोत, जे सापडेल ते टोपलीत टाकतो, असे माजांदी स्वतःविषयी सांगे, ही आठवण बर्नारने नोंदवून ठेवली आहे. पुढे या शिष्याने गुरूच्या टोपलीतल्या चिंध्यांचे नीट वस्त्र विणले. ७ ऑक्टोबर १८५५ रोजी पॅरिसजवळ सान्वा येथे माजांदीचे निधन झाले आणि त्याच्या जागी बर्नार आला.

आज या सगळ्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. खेडोपाडी अर्धांगवायूचा झटका आलेल्या माणसाला प्रथम काय दिले जाते? तोंडात पाणी! माणूस आडवा असतो, जीभ लुळी असते, आणि प्रेमापोटी आपण चमच्याने पाणी ओततो. मेंदूला इजा झाल्यामुळे गिळण्याचा क्रम बिघडलेला असेल, तर ते पाणी सरळ फुप्फुसात उतरते. कधी कधी संवेदनाही गेलेली असते, त्यामुळे ठसकासुद्धा लागत नाही आणि कोणाला काही कळत नाही. काही दिवसांनी न्यूमोनिया होतो. म्हणून अशा रोग्याला नीट गिळता येते की नाही हे तपासल्याशिवाय तोंडावाटे काहीही देऊ नये, हा आज रुग्णालयांतील नियम आहे. १९९० नंतरच्या दशकात ब्रिटनमधील संशोधकांनी असे दाखवले की, मोठ्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा गिळण्यावर ताबा असतो, पण तो सारखा नसतो. एका बाजूला इजा झाली तर दुसरी बाजू हळूहळू काम अंगावर घेते, आणि म्हणून कित्येक रोगी काही आठवड्यांत पुन्हा गिळू लागतात. हे ज्ञान आपल्या घराघरांत पोहोचले पाहिजे.

हे ज्ञान कुत्र्यांच्या वेदनेशिवाय मिळाले असते का, हा प्रश्न मला सोडवता येत नाही. त्याच्या दोन्ही बाजू दाखवणारे एक उदाहरण मात्र आहे. डान्झिग येथील वैद्य आडोल्फ वालेनबर्ग याने १८९५ साली एका रोग्याचे वर्णन प्रसिद्ध केले. झटका आल्यावर त्याला गिळता येईना आणि शरीराच्या ठरावीक भागांची संवेदना गेली होती. वालेनबर्गने केवळ तपासणी करून सांगितले की, इजा लंबमज्जेच्या एका बाजूला झालेली असणार. रोगी पुढे वारल्यावर शवविच्छेदनात ते अचूक ठरले आणि १९०१ साली त्याने ते प्रसिद्ध केले. एकाही प्राण्याला हात न लावता, खाटेशी बसून, गिळण्याच्या केंद्राचा पत्ता लागला! पण वर्दीची वाट निराळी आणि हुकमाची निराळी, हे वालेनबर्गला आधीपासून ठाऊक होते. ते कोठून आले, हे आपण वर पाहिलेच आहे.

मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेच्या मागे, द्रवाने भरलेली एक पोकळी आहे. तिच्या छतातून तो द्रव बाहेर पडण्याचे जे लहानसे द्वार आहे, त्याला माजांदीचे नाव दिलेले आहे. या द्रवाचा त्याने पुष्कळ अभ्यास केला आणि १८४२ साली त्यावर ग्रंथ लिहिला. गिळण्याचा हुकूम देणाऱ्या पेशी त्या पोकळीच्या जवळच, लंबमज्जेत आहेत. माजांदी त्यांच्या इतक्या जवळ जाऊन आला होता, पण त्या त्याला दिसल्या नाहीत.

मित्रहो, जोडनावे पाठ करून परीक्षा पास होता येते, आणि ती तर व्हायचीच आहे. पण पुस्तकातले वाक्य घशाखाली उतरवण्यापूर्वी ते थोडे चावून पाहावे, हे माजांदीकडून शिकावे. आणि चावताना ते वाक्य कोणाच्या वेदनेतून आपल्यापर्यंत आले आहे याचीही जाणीव ठेवावी. ही दुसरी गोष्ट त्याला साधली नाही. ती आपल्याला साधावी.